आकसण्याची सूट

फिल्म उजेडाला धरून डॉक्टर मठपती म्हणाले,
हे बघा, इथं पुढं, कपाळामागं,
जरा आकसलंय.
जरा म्हणजे किती, मी विचारलं.
एकोणीस वर्षं उद्यमबागेत
ओतकामासाठी लाकडाचे नमुने केले,
आकसणं मला मिलिमीटरात लागतं.

बीड थंड होताना शंभराला एक आकसतं.
म्हणून आमची पट्टीच वेगळी:
तिच्यावरचा सेंटीमीटर
बाजारातल्या सेंटीमीटरपेक्षा केसभर लांब.
नमुना मोठा ठेवायचा, म्हणजे निवल्यावर नग मापात बसतो.
मला घडवताना कुणी धरली होती का ही सूट?
डॉक्टर हसले नाहीत.
गोळ्या बदलून दिल्या.

दारू सुटून सात महिने झाले.
चोर्ल्याच्या घाटातून येणारी गोव्याची बाटली
आता परशराम एकटाच संपवतो.
मला तिची तहान नाही.
हे वैजयंता सगळ्यांना सांगते,
गणपत गल्लीत भाजी घेतानासुद्धा.
सांगत नाही ते असं,
की तहान जाताना घरातलं बाकीचंही घेऊन गेली.

सकाळी चहा पुढ्यात असतो.
मी बघतो: वाफ, मग साय, मग माशी.
कप वीतभर लांब. हात माझाच.
दुखत काही नाही. वाईटही वाटत नाही;
वाटलं असतं तर बरं होतं,
निदान काहीतरी वाटलं असतं.

पटाशी कुठं आहे, ठाऊक आहे.
धार कशी लावायची, ठाऊक आहे.
पंपाच्या पंख्याचा नमुना
सातातली चार पाती होऊन
दिवाळीपासून बाकावर पडलाय.
बसलिंगप्पांनी फोन करायचं सोडलं, तेही ठाऊक आहे.
फक्त ठाऊक असणं आणि उठणं
यांच्यामधला पट्टा उतरलाय.
मोटर फिरतेय,
करवत उभी.

वैजयंता म्हणाली, पीत होता तेव्हा
भांडत तरी होता.
मग तिनं जीभ चावली.

डॉक्टरांचं मराठी कानडी चालीचं:
"मनात येतंय मग उठतो, असं म्हणायचं नाही.
उठायचं. मन मागनं येतंय, चालत."
मी हो म्हणालो.
हो म्हणायला काही लागत नाही.

परवा समीक्षा शाळेतून आली,
माझीच पट्टी घेतली
आणि चौकटीला पाठ लावून स्वतःला मोजू लागली.
पट्टी पुरेना, म्हणून खडूच्या खुणा,
एकदा, दोनदा, मान वाकडी करून.
"एकशे एकवीस!" ओरडली
आणि वही शोधायला गेली.

चूक.
हा शब्द माझ्या आधी उठला,
खिळ्याला शर्ट अडकावा तसा.
ती पट्टी आकसणाऱ्यांसाठी आहे.
वाढणाऱ्यांना ती कमी दाखवते.
पोरगी आहे त्याहून
वहीत ठेंगणी होणार.

खुर्चीतून उठायला किती वेळ लागला
ते मोजलं नाही. बराच.
आधी तळवे, मग गुडघा, मग पाठ,
बंद पडलेलं मशीन
हातानं एकेक दात फिरवावं तसं.
आनंद झाला नाही, खरं तेच सांगतो.
आत काही पेटलं-बिटलं नाही.
तिच्या दप्तरातली साधी पट्टी काढली,
डोक्यावर पुस्तक आडवं धरलं,
चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली.
एकशे बावीस, वर दोन बारीक रेघा.

"म्हणजे मी वाढले?"
"नाही. होतीसच तेवढी."
ती रेघेकडं बघत राहिली,
मग माझ्याकडं, जरा जास्तच वेळ.

परत येऊन बसलो.
चहा गार झाला होता, सायीला सुरकुती.
प्यालो.